देशकर साहेबांचा घोटा

"दोन मिनिटं, भाऊजी. बांधायची, घोटा फिरवायचा, सोडायची. तिसरं मिनिट नाही," प्रफुल्लने पुन्हा बजावलं आणि अवधूत देशकरांनी पुन्हा ऐकलं नाही.

प्रफुल्ल त्यांचा मेहुणा. यवतमाळला त्याची व्यायामशाळा होती. मेहुण्याचं ऐकायचं नाही हा देशकरांचा लग्नापासूनचा नियम होता. पण पट्टी फुकट मिळत होती, म्हणून घेतली. काळी, लांबलचक, जाड रबराची पट्टी. पंजापासून घोट्याच्या वरपर्यंत ती आवळून गुंडाळायची, तशा आवळल्या पायाने घोटा गोल फिरवायचा, एका पायावर उभं राहायचं आणि लगेच सोडून टाकायची. रक्त परत धावतं, घोटा मोकळा होतो, तोल सुधारतो, असं प्रफुल्ल म्हणे.

देशकरांना तोलाची गरज होती. राळेगावजवळच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. त्या साली कापसाला कुत्रं विचारत नव्हतं. व्यापारी तोंडाला येईल तो भाव सांगत, हमीभाव काय तो या केंद्रावर. त्यामुळे ट्रॉल्या आणि बैलबंड्यांची रांग फाटकातून निघून डांबरी रस्त्याला लागे. देशकर एकेका गाडीवर चढत, मूठभर कापूस उपसत, नाक मुरडत आणि वरूनच निकाल देत. "ओलावा." किंवा "कवडी," म्हणजे किडका, डागी माल. किंवा नुसतंच "परत." खाली उभा असलेला माणूस हात जोडी. ओलावा मोजायचं यंत्र केंद्रावर होतं. त्याचे सेल संपले होते आणि नवे मागवायची देशकरांना मुळीच घाई नव्हती. यंत्र चालू झालं की माणसं यंत्राला हात जोडतात.

दिवाळीनंतर ते अशाच एका ट्रॉलीवरून घसरले आणि उजवा घोटा मुरगळला. सूज उतरली, पण घोटा गंजलेल्या बिजागरीसारखा अडकून बसला. गाडीवर चढताना साहेब झोकांड्या खाऊ लागले. त्यात विभागाचे मोठे साहेब, चंद्रशेखर पत्की, गुरुवारी पाहणीला येणार होते. ज्याला गाडीवर चढता येत नाही त्याला आपण गोदामात पोती मोजायला बसवतो, असं त्यांनी मागच्या बैठकीत सगळ्यांसमक्ष सांगितलं होतं.

गुरुवारी सकाळी देशकरांनी पलंगावर बसून पट्टी बांधली. दात-ओठ खाऊन बांधली. मग तिच्यावर मोजा चढवला.

"सोडत नाही का ती?" मंजुषाताईंनी चहा ठेवत विचारलं.

"दोन मिनिटांत इतका गुण येतो, तर दिवसभरात किती येईल? माणसानं जरा डोकं चालवावं."

"डोकं चालवा हो. पाय चालला पाहिजे, म्हणून विचारून राहिली."

"तुझ्या भावाला तरी काय कळतं? पैलवान तो!" असं म्हणून देशकरांनी बूट घातला आणि स्कूटरला किक मारली. डाव्या पायाने.

केंद्रावर पोचेपर्यंत पायाला मुंग्या आल्या. 'गुण येऊन राहिला,' देशकर मनात म्हणाले. थोड्या वेळाने मुंग्या गेल्या, ठणका गेला, सगळंच गेलं. 'बरा झाला,' देशकर म्हणाले. आपल्या पायाचा पत्ता लागत नाही ही गोष्ट त्यांनी प्रकृती सुधारल्याची खूण म्हणून धरली.

रांगेत पहिली ट्रॉली फुलसिंग राठोडची होती. तांड्यावरून परवाच निघालेला फुलसिंग आणि त्याची बायको रुपीबाई दोन रात्री कापसाच्या बाजूलाच निजले होते. आज माल परत गेला असता तर ट्रॉलीचं भाडंच त्यांच्या बोकांडी बसलं असतं. देशकरांनी खालूनच कापसाकडे एक नजर टाकली आणि 'ओलावा' असा निकाल मनाशी करून ठेवला. चढणं हा नुसता उपचार होता, पण उपचारातच तर गंमत होती.

ते चढले. डावा पाय नीट पडला. उजवा पडला की नाही ते त्यांना कळलं नाही. दुसऱ्या क्षणी साहेब कमरेपर्यंत कापसात गेले आणि तिथेच बसले.

"सायेब! लागलं काय?" फुलसिंग धावला.

"दूर हो! तपासणी चालू आहे," देशकर ओरडले.

त्यांनी उठून पाहिलं. उजवा पाय शेजाऱ्याचा असल्यासारखा पडून होता. खाली उतरायचं तर हात द्या म्हणावं लागणार, आणि तेवढ्यात पत्की साहेब आले तर पोती मोजणं आलंच. देशकरांनी ठरवलं, बसूनच राहायचं, गुपचूप कापसाच्या आत हात घालायचा आणि पट्टी सोडून टाकायची. त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले, चाचपडत बूट आणि मोजा उतरवला आणि चेहऱ्यावर गंभीर भाव आणले.

रांगेतल्या लोकांना दिसलं ते वेगळंच. साहेब आज मूठभर कापूस उपसून नाक मुरडत नाहीत. साहेब मांडी ठोकून तळ उकरून राहिले.

"अबे, तयातला माल काढून पाह्यते रे आज!" एकाने मागच्याला सांगितलं. मागच्याने त्याच्या मागच्याला.

आता कापसाच्या धंद्यात वर पांढराशुभ्र आणि तळाला डागाळलेला माल भरणारे सगळ्या गावांत असतात. ते लगेच ओळखू आले. एकाला अचानक घरची आठवण झाली आणि त्याने ट्रॅक्टर मागे घेतला. तो मागच्या बंडीला भिडला. बैल बिथरले. दुसऱ्याने गाडी आडवी वळवली, ती फाटकात अडकली. बाया भराभरा वर चढून कापसातला पालापाचोळा वेचू लागल्या. कोणी ताडपत्री अंथरून रस्त्यावरच माल पसरला. हॉर्न, हंबरणं आणि शिव्या यांचा असा काही गोंधळ उडाला, की आतल्या वजनकाट्यावरची माणसं काम टाकून पाहायला आली.

नेमकी त्याच वेळी पत्की साहेबांची जीप आली. फाटक बंद. मोठ्या साहेबांना शेणातून, बैलांच्या शेपट्या चुकवत पायी यावं लागलं. ते पोचले तेव्हा त्यांच्या बुटांचा रंग बदललेला होता आणि चेहऱ्याचाही.

"देशकर! काय करून राहिले तुम्ही वर?"

देशकर दचकले. त्यांच्या बोटांना पट्टीचं टोक नुकतंच सापडलं होतं. दचकून त्यांनी ते जोरात ओढलं. सटासट पीळ सुटले, आणि ती लांबच लांब काळी पट्टी कापसातून उसळून बाहेर आली ती साहेबांच्या हातात सापासारखी वळवळत राहिली.

सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"कापसात रबर!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

पत्की साहेबांनी फुलसिंगकडे पाहिलं. "वजन वाढवायला रबर घालता काय रे? देशकर, हे या मालात सापडलं?"

इथे देशकरांना खरं बोलायची संधी होती. एका शब्दाचं काम होतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर 'परत' हाच शब्द सोपा म्हणून वापरला, त्याला दुसरा शब्द आयत्या वेळी कुठून सुचणार? त्यांनी घसा खाकरला.

"होय, सर. तळाशी. म्हणूनच एवढा वेळ लागला. मला पहिल्यापासून संशय होताच."

फुलसिंगच्या तोंडचं पाणी पळालं. "नाई जी, सायेब! आईची आन! आमी कायले रबर टाकू?"

"याचं नाव लिहून घ्या," पत्की साहेब कडाडले. "यापुढे याचा माल कोणत्याच केंद्रावर घ्यायचा नाही. देशकर, शाब्बास! उतरा खाली."

शाब्बासकीने देशकर फुलले. फुलले, पण उतरले नाहीत. कारण नेमकं तेव्हाच कोंडलेलं रक्त पायात परतलं. हजार मुंग्या, मग हजार सुया, मग कोणी निखाऱ्यावर पाय धरावा तसं काहीतरी. "आई गं!" करून साहेब उभे राहिले, एका पायावर नाचले, कोलमडले, आणि ट्रॉलीच्या कडेवरून पाठीवर घसरत खाली आले. बूट आणि मोजा कापसातच राहिला. उजवा पाय उघडा, सगळ्यांच्या समोर, हवेत.

पाय बघण्यासारखा होता. जांभळा, वर पांढरेफटक वेढे, पंजापासून घोट्याच्या वरपर्यंत एकावर एक, अंतर राखून उमटलेले.

रुपीबाई पुढे झाली. इतका वेळ ती नवऱ्याचा हात धरून उभी होती. तिने जमिनीवर पडलेली पट्टी दोन बोटांनी उचलली आणि लगेच नाकापासून लांब धरली.

"सायेब, हे रबर गरम हाये," ती पत्की साहेबांना म्हणाली. "अन् मोज्याचा वास येऊन राह्यला. आमचा कापूस काय मोजे घालते?"

गर्दीत खसखस पिकली. पत्की साहेब वाकले. त्यांनी पट्टी पाहिली, पाय पाहिला, पुन्हा पट्टी पाहिली. देशकर आभाळाकडे बघत होते.

"देशकर, हे काय आहे?"

"कॉम्प्रेशन बँड, सर. घोट्याच्या… हालचालीसाठी. तोल सुधारतो."

"दिसतंच आहे," पत्की साहेब म्हणाले. "आणि या बिचाऱ्याचं नाव काळ्या यादीत घालायला निघालो होतो मी तुमच्या भरवशावर."

लाजेने मेलेला माणूस गप्प बसतो. देशकर लाजले नव्हते, चिडले होते. फुलसिंगमुळे आपली फजिती झाली असं त्यांच्या डोक्याने तेवढ्यात ठरवूनही टाकलं होतं.

"रबराचं जाऊ द्या, सर," ते बसल्या बसल्या म्हणाले. "पण माल घेण्यासारखा नाहीच. ओलावा आहे. भरपूर. मी आत हात घालून पाहिलं ना."

"यंत्र काय सांगतं?"

"यंत्र बंद आहे, सर. पण माझ्या अनुभवाप्रमाणे सगळा माल ओला आहे. पाणी मारलेलं."

फुलसिंगने डोक्याला हात लावला. पत्की साहेबांनी मात्र देशकरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग ते सावकाश म्हणाले, "देशकर, तुम्ही सकाळपासून याच कापसात बसले होते ना?"

"होय, सर. कमरेपर्यंत."

"उठा जरा. धरा रे त्यांना. हं. आता पाठमोरे व्हा."

दोन हमालांनी देशकरांना काखेत धरून उभं केलं आणि वळवलं. मोठ्या साहेबांनी चष्मा लावला. सगळं केंद्र, सगळी रांग, बाया, बैल, साहेबांच्या विजारीकडे पाहू लागलं. करड्या रंगाची ती विजार कोरडी ठणठणीत होती. कापसाच्या पुंजक्यांखेरीज तिच्यावर काही नव्हतं.

"सरकी वाळत घालावी इतकी कोरडी आहे," पत्की साहेब म्हणाले. "माल घ्या. पहिल्या प्रतीचा लावा."

फुलसिंग तिथेच खाली बसला. रुपीबाईने पदराने डोळे पुसले आणि ट्रॉलीवर चढून साहेबांचा बूट शोधायला लागली. माल काट्यावर जायचा होता आणि त्यात खोट निघायला नको होती.

देशकरांना वाटलं, संपलं. रुपीबाईने काढून दिलेला बूट हातात घेऊन ते लंगडत कचेरीकडे निघाले. तेवढ्यात रांगेतली दुसरी ट्रॉली पुढे सरकली. तिच्या मालकाने फळका खाली पाडला, वरचा कापूस तळहाताने नीट सारखा केला, मधोमध छान खळगा केला आणि हात जोडून अदबीने म्हणाला,

"या सायेब, बसा."

देशकरांनी मोठ्या साहेबांकडे आशेने पाहिलं. पत्की साहेब रस्त्यापर्यंत गेलेल्या रांगेकडे पाहत होते.

"बसा, देशकर," ते म्हणाले.