यलो म्हणजे कमळो

दुधाची पिशवी आणायला खाली उतरलेल्या दशरथरावांनी जिन्यात तोंडातून दोनच शब्द काढले आणि त्या दोन शब्दांनी घात केला. शब्द तसे निरुपद्रवी होते: "तसंच काहीसं."

झालं होतं असं. दशरथरावांच्या पत्नी शुभदाताई, विमा कचेरीत हेडक्लार्क, दीड महिन्यानं केनियाला निघणार होत्या. सहलीला नव्हे. तिथल्या माळरानावर काही शास्त्रज्ञ तरसांचा अभ्यास करत होते आणि मदतीला त्यांना जगभरातून हौशी माणसं लागत. पगार नाही, उलट तिकीट आपलं आपण काढायचं आणि रोज संध्याकाळी जीपमध्ये गुपचूप बसून तरस मोजायचे. वर्षानुवर्षं रविवारी भाईंदरच्या खाडीवर दुर्बीण घेऊन चिखल तुडवणाऱ्या शुभदाताईंची त्यात निवड झाली होती. त्यांनी साठवलेली सगळी रजा लावून टाकली होती, कारण यंदा ते काम संपणार होतं. पुन्हा संधी नव्हती.

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये हे कुणाच्या पचनी पडलं नाही. समोरच्या दारातल्या हंसाबेनना दशरथरावांनी आपल्या परीनं समजावलं, "वो उधर तरस गिनने जा रही है."

"तरस गिनने?" हंसाबेन म्हणाल्या. "तरस तो खाते हैं, भाईसाब."

"हां, वो भी," दशरथराव म्हणाले.

हा त्यांचा स्वभाव. माणूस सोन्यासारखा, पण कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटलीच म्हणून समजा. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांच्या कृपेनं त्यांच्या घरात पाणी शुद्ध करायची यंत्रंच दोन होती.

तर आफ्रिकेला जायचं म्हणजे यलो फीवरची लस आली. शुभदाताईंनी उत्साहाच्या भरात ती भरपूर आधीच टोचून घेतली. दुसऱ्या दिवशी अंगात कणकण आली म्हणून त्या घरी झोपून राहिल्या. आणि नेमक्या जिन्यात दशरथरावांना हंसाबेन भेटल्या.

"भाभी दिखी नहीं आज?"

"थोडा बुखार है. वो यलो फीवर का..."

"यलो?" हंसाबेननी छातीवर हात ठेवला. "यलो मतलब कमळो! पीलिया! हाय हाय, भाभी को कमळो हो गया?"

आता इथं 'नाही हो, लस घेतलीय' म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? पण हंसाबेनचे डोळे भरून आले होते. इतक्या मायेनं रडायला आलेल्या बाईला तोंडावर खोटं कसं पाडायचं?

"तसंच काहीसं," दशरथराव म्हणाले आणि वर आले.

दुपारी बेल वाजली. दारात घामाघूम हंसाबेन, हातात किटली. हाटकेशच्या नाक्यावरून उसाचा रस आणला होता, भरपूर बर्फ घालून. त्या गेल्यावर शुभदाताई अंथरुणात उठून बसल्या.

"मला कावीळ झालीय? तुम्ही सांगितलंत?"

"मी कुठं? त्याच म्हणाल्या. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"मग आता जा आणि सांगा."

"आता कसं सांगू? एवढ्या उन्हातून आणलाय गं त्यांनी."

"तर ओता मोरीत. मी त्या गाडीवरचं पाणी तोंडात घालणार नाही. मला जायचंय!"

मोरीत ओतणं दशरथरावांच्या जिवावर आलं. त्यांनी किटली रिकामी केली. रस गार होता, गोड होता. रिकामी किटली बघून हंसाबेन अशा काही खूश झाल्या की दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठी किटली काढली.

मग वरच्या मजल्यावरचे नागोराव आले. नांदेडचा भला माणूस, मुळ्याच्या पाल्याची जुडीच घेऊन आला. "वहिनींचं ऑफिस चालूच हाय? कावीळ अंगावर काढू नका, भाऊ. वरसाव्याला एक बाई औषध देते. बसा स्कूटरवर."

दशरथराव बसले. वरसाव्याच्या इंदूबाईंनी कसलीशी मुळी उगाळली आणि विचारलं, "पेशंट कुठं हाय?"

"कामावर," दशरथराव म्हणाले.

"न्हाय आली? मग तुमी घ्या तिच्या नावानं. चालतंय."

दशरथरावांनी घेतलं. नाही म्हणून बाईंचा अपमान कशाला?

असा महिना गेला. शुभदाताई रोज टवटवीत चेहऱ्यानं कामावर जात होत्या, रात्री बॅग भरत होत्या. आणि त्यांच्या माघारी दशरथराव रोज किटली रिकामी करत होते. निघायला आठवडा राहिला आणि त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. वरणभाताच्या वासानं मळमळायला लागलं. सकाळी दाढी करताना आरशात बघितलं तर डोळे हळदीसारखे पिवळे.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "बाहेरचं पाणी, बर्फ वगैरे?"

"उसाचा रस."

"किती वेळा?"

"रोज. महिनाभर."

"अहो, कशासाठी?"

"काविळीसाठी," दशरथराव खालमानेनं म्हणाले.

बातमी बिल्डिंगभर झाली, पण भलत्याच रूपात. भाभीची कावीळ भाईसाबना लागली! हंसाबेन किटली घेऊनच आत आल्या आणि त्यांनी शुभदाताईंचे हात हातात घेतले. "देखा? हमारे रस से आप तो फर्स्ट क्लास हो गई. अब आप आराम से आफ्रिका जाओ. भाईसाब को मैं पिलाऊंगी, रोज, दो टाइम. क्यों भाईसाब, पिओगे ना?"

"हां," दशरथराव म्हणाले. सवयीनं निघून गेलं तोंडातून.

शुभदाताईंनी एकदा किटलीकडे पाहिलं आणि एकदा नवऱ्याकडे. हंसाबेन गेल्यावर त्यांनी रस मोरीत ओतला आणि पलंगाच्या कडेला येऊन बसल्या. कोपऱ्यात बॅग भरून तयार होती. सगळ्यांत वर नवेकोरे बूट होते.

"तू जा," दशरथराव म्हणाले. त्यांना भडभडून आलं. "माझं काय, मी पडून राहीन. एवढी वर्षं वाट बघितलीस. खरंच जा, शुभदा."

"मनापासून म्हणताय? जाऊ मी?"

"हो. जा."

शुभदाताई रागावल्या असत्या तर परवडलं असतं, पण त्या हसल्या. "हंसाबेनना आत्ता असंच म्हणालात. ह्याच आवाजात. मी विमानात बसेपर्यंत तुम्ही पुन्हा रस पीत असाल. कसं जाऊ, सांगा?"

हा 'हो' वेगळा आहे, हा खराखुरा आहे, असं दशरथरावांना ओरडून सांगायचं होतं. पण 'हो' त्यांच्याकडे एकच होता आणि तो त्यांनी जन्मभर आल्यागेल्याला वाटून टाकला होता. आता बायकोला द्यायला निराळा आणायचा कुठून?

शुभदाताई उठल्या. बॅगेतले बूट काढून त्यांनी खोक्यात घातले आणि खोकं कपाटावर सरकवलं. डोळे पदरानं टिपले, ते पाठ करूनच.

"पेज टाकते," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "घेणार ना?"

"हो," दशरथराव म्हणाले.