साहेब स्वतः उचलतात

खाडीकाठ सुधारणा मंडळाच्या पेण उपकार्यालयातील संगणक इंटरनेटला लागत नाही, ही बाब उपअधीक्षक श्री. टेमघरे यांच्या निदर्शनास आणून देण्यात आली, तेव्हा शेजारच्या कार्यालयाचा लागतो का, अशी त्यांनी प्रथम विचारणा केली. शेजारच्या कार्यालयात संगणकच नव्हता. साहेबांना बरे वाटले आणि विषय काही काळ मिटला.

तो पुन्हा उकरून काढला रोह्याच्या मुख्य कार्यालयाने. शतक संपत आले असून मंडळ मागे राहता कामा नये, सबब मार्चअखेरपर्यंत प्रत्येक उपकार्यालयाने रोह्याच्या संगणकाला इंटरनेटवरून एक पत्र पाठवावे. ज्याचे पत्र पोचणार नाही ते कार्यालय रोह्यात विलीन करण्यात येईल, असे परिपत्रक निघाले. परिपत्रक अर्थातच टपालाने आले.

साहेबांना त्याचे काही वाटले नाही, कारण त्यांचे घर रोह्यातच होते. धसका घेतला तो लिपिक सारा रोहेकर यांनी. त्यांचा भाऊ एझ्रा बायकामुलांसह इस्राएलला निघून गेला होता. आई रूथबाई मात्र पेण सोडायला तयार नव्हत्या. डोळ्यांनी अधू झालेली ती म्हातारी दुपारी साराने घरी येऊन ताट वाढल्याशिवाय घास घेत नसे, आणि रोह्याहून दुपारचे घरी येणे कुणालाच शक्य नव्हते. साराबाईंनी हे साहेबांच्या कानावर घातले. साहेबांनी धीर दिला, "तुमचं तर आडनावच तिथलं. घरी गेल्यासारखं वाटेल."

संगणक का लागत नाही, हे कार्यालयात सर्वांना ठाऊक होते. टेलिफोनची लाइन एकच. तिचे एक टोक संगणकाला, दुसरे साहेबांच्या टेबलावरच्या फोनला. संगणक नंबर फिरवू लागला की साहेबांचा फोन बारीक किणकिणे, आणि साहेब तो उचलत. आपल्या अपरोक्ष कार्यालयातून एकही फोन जाता कामा नये हा त्यांचा दंडक होता, आणि त्याबद्दल मागे त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला होता. "हॅलो, टेमघरे बोलतोय," असे ते म्हणत, पलीकडून कर्कश शिट्ट्या ऐकत, आणि आतल्या खोलीत पडद्यावर संपर्क तुटल्याची सूचना येई.

हे साहेबांना सांगायला हवे, यावर सर्वांचे एकमत होते. कोणी सांगायचे, यावर चर्चा चालू होती.

तोवर उपाययोजना थांबली नाही. संगणकाच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढण्याची सक्ती झाली, मग पायमोजेही. यंत्राला मखमली झूल शिवून घेतली. तरी फरक पडेना, तेव्हा रोह्याहून फुरकान करजीकर याला पाचारण केले. आखातात संगणकाचे काम करून आलेला हुशार माणूस. त्याने जोडणी करून पाहिली, भिंतीपलीकडून "टेमघरे बोलतोय" ऐकले आणि तो गालातल्या गालात हसला. साराबाईंना आशा वाटली. तुम्ही बाहेरचे, तुम्हीच सांगा, असे त्यांनी विनवले. काम झाल्याच्या कागदावर सही साहेबांचीच लागते, असे तो म्हणाला आणि धरमतरच्या खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने जोडणी बिघडते, असा अहवाल देऊन गेला.

अहवाल साहेबांना मनापासून आवडला. खाऱ्या वाऱ्याला संघटना नव्हती. खिडक्यांना फळ्या ठोकण्यात आल्या आणि खाडी कार्यालयापासून किती अंतरावर असावी याबाबत वरिष्ठांचे मार्गदर्शन मागवले गेले. पत्राखाली सर्वांनी सह्या केल्या. साराबाईंनीही केली. ती करताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

कुणी अज्ञात इसम फोनवर शिट्ट्या घालतो आणि नाव सांगत नाही, अशी तक्रार साहेबांनी पोलिसांतही दिली. एक हवालदार येऊन दिवसभर फोनपाशी बसला. आवाज ओळखीतल्या कुणाचा नाही, असे त्याने संध्याकाळी सांगितले. तेव्हापासून साहेब पहिल्याच किणकिणीला रिसीव्हर उचलून त्या शिट्टीला झापू लागले.

मार्चच्या शेवटच्या दिवशी साहेबांना रोह्यात बैठक लागली. देव पावला, असे साराबाईंना वाटले. पण जाताना साहेबांनी शिपाई मोरूला लेखी आदेश दिला, की फोनपाशी बसावे आणि किणकिणला की उचलावा.

साराबाई मोरूसमोर जाऊन बसल्या. "मोरू, आज एकदाच उचलू नकोस. माझ्या आईच्या जेवणाचा प्रश्न आहे."

"माझ्या आयच्या पन तोच हाय, बाई," मोरू म्हणाला. "नोकरी गेली तर ती काय खाईल?"

मग तो उठला. "माठ रिकामा हाय. पाणी भरून येतो."

माठ काठोकाठ भरलेला होता. मोरूने तो आधी अंगणात ओतून रिकामा केला आणि मगच नळावर गेला, म्हणजे खोटे बोलल्याचा ठपका नको.

संगणकाने शिट्टी घातली आणि प्रथमच मध्ये कुणी हॅलो म्हणाले नाही. पत्र गेले. साराबाईंच्या डोळ्यांना पाणी आले. दुपारी घरी जाऊन त्यांनी आईला ताट वाढले आणि जमले म्हणून सांगितले.

दुसऱ्या दिवशी रोह्याचा निरोप आला की पेणचे पत्र पोचलेले नाही. रोह्यातही लाइन एकच. मोरू फोन उचलतो की नाही हे पाहायला टेमघरे साहेबांनी तिथून पेणला फोन लावला होता, तो व्यस्त लागला. संशय बळावला. पुन्हा लावला, तेव्हा मोरू आला. मघाशी कुणाला फोन लावला होता, याची चौकशी साहेबांनी फोनवरच सुरू केली आणि ती कार्यालय सुटेपर्यंत चालली. पाणी भरत होतो, याखेरीज मोरू काही बोलला नाही. तेवढा वेळ रोह्याचा संगणक पेणचे पत्र उतरवून घ्यायला लाइन मोकळी होण्याची वाट पाहत होता.

पेण कार्यालय विलीन झाले. ऐन बैठकीतही फोनवर लक्ष ठेवल्याबद्दल साहेबांचे अभिनंदन झाले आणि मुख्य कार्यालयाचा इंटरनेट विभाग त्यांच्याकडे सोपवण्यात आला. साराबाई आता गाडीने रोज नागोठणे, निडी अशी स्टेशने करत रोह्याला जातात. दुपारी डबा उघडतात आणि तसाच बंद करून ठेवतात. पेणला आई झाकलेल्या ताटापुढे मुलीची वाट पाहत बसलेली असते.

अलीकडे रोह्याचा संगणकही इंटरनेटला लागेनासा झाला आहे. कारण म्हणून कुंडलिका नदीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याची नोंद झाली असून त्या नोंदीखाली सर्वांच्या सह्या आहेत. वेगळे कारण कुणाला ठाऊक असल्यास कार्यालयास फोन करावा, असे जाहीर आवाहनही करण्यात आले आहे. आपण इथवर वाचलेत, म्हणजे आपल्याला कारण ठाऊक आहे. फोन साहेब स्वतः उचलतात. अद्याप कुणाचाही आलेला नाही.