मिस पॅस्को आणि आठ लॅमिंग्टन

“कुणाला अडचणीत आणण्यासाठी सांगणं म्हणजे चहाडी. आणि कुणाला अडचणीतून सोडवण्यासाठी सांगणं म्हणजे नुसतं सांगणं,” लॉर्ना पॅस्को बाईंनी सकाळी वर्गाला समजावलं. “चहाडी करणाऱ्याला काय म्हणतात?”

“डॉबर!” अख्खी शाळा ओरडली. अख्खी शाळा म्हणजे तीन मुलं. गव्हाच्या रानातल्या त्या एकशिक्षकी शाळेत एवढीच उरली होती, आणि ती शाळा चालू ठेवायची की बंद करायची हे ठरवायला आजच सरकारी तपासनीस बाई यायच्या होत्या.

“आणि कुणी कितीही आग्रह केला तरी?”

“डॉबर व्हायचं नाही, मिस!”

समाधानाने बाई खेळाच्या सामानाच्या पत्र्याच्या खोलीत गेल्या. पाहुणीसाठी डार्सीच्या आईने पाठवलेले आठ लॅमिंग्टन त्यांनी तिथे लपवले होते. चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले ते केक कोरडे पडले नाहीत ना, म्हणून त्यांनी एक खाऊन पाहिला. एकावरून काय कळणार? म्हणून दुसरा. ताटली रिकामी झाली तेव्हा त्यांची खात्री पटली की केक उत्तम होते. तेवढ्यात वाऱ्याने दार आपटलं, कुलूप लागलं, आणि आतली मूठ निखळून त्यांच्या हातात आली.

“डार्सी! टिली! जून! ऑफिसातली किल्ली आणा रे!”

पत्र्याच्या फटीला तीन डोळे लागले. “ऑफिसात त्या बाई येऊन बसल्यात, मिस,” डार्सी म्हणाला. “किल्ली त्यांच्या खुर्चीमागेच आहे.”

“मग त्यांना सांगा, मिस आत अडकल्या आहेत!”

बाहेर कुजबुज झाली. टिली दहा वर्षांची होती, पण वाद घालायला बसली की वकिलाने फी परत करावी. “मिस, सांगितलं तर तुम्ही अडचणीतून सुटाल. म्हणजे ते सांगणं. पण तुमच्या हनुवटीला चॉकलेट लागलंय. म्हणजे बाहेर आल्या आल्या तुम्ही अडचणीत याल. म्हणजे ती चहाडी.”

“टिली, मी स्वतः सांगतेय ना, जा म्हणून!”

“परीक्षा घेतायत,” डार्सी हलकेच म्हणाला. “कितीही आग्रह केला तरी, म्हणाल्या होत्या ना?”

“परीक्षा नाहीये रे बाळांनो!”

“बघ, किती छान घेतायत,” छोटी जून कौतुकाने म्हणाली.

तेवढ्यात वाळूवर बुटांचा आवाज आला. तपासनीस फेनविक बाई वाट पाहून कंटाळून बाहेर आल्या होत्या. लॉर्नाबाईंनी घाईघाईने हनुवटी पुसायला घेतली, तर खोबरं गालभर पसरलं.

“मुलांनो, तुमच्या बाई कुठे आहेत?”

“माहीत आहे,” डार्सी म्हणाला.

“मग सांग की!”

“नाही सांगणार.”

“बऱ्या आहेत ना त्या?”

“ते सांगितलं तर पुढचं पण विचाराल तुम्ही,” टिली म्हणाली.

“शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?”

“आत्ताच,” जून म्हणाली. “हलत होत्या.”

फेनविक बाईंचा आवाज चिरकला. “मी पोलिसांना फोन करते!”

“मी इथे आहे हो!” आतून पत्रा दणाणला.

किल्ली आली, दार उघडलं. फेनविक बाईंनी आधी रिकामी ताटली आणि तिच्यातला केकचा चुरा पाहिला, मग लॉर्नाबाईंकडे न बघताच त्या मुलांकडे वळल्या. “हे केक कुणी खाल्ले?”

“मी,” डार्सी म्हणाला.

“मी,” टिली म्हणाली.

“मी पण,” जून म्हणाली. “आणि मला खोबरं आवडतसुद्धा नाही.”

फेनविक बाईंनी पेन काढलं. “इथली मुलं चोरून खातात आणि वर त्याची फुशारकी मारतात. अशा शाळेला काय म्हणायचं?”

लॉर्नाबाई पुढे झाल्या. शाळा जाईल ती जाईल, पण या तिघांच्या नावावर चोरी लागणार! “पेन ठेवा,” त्या म्हणाल्या. “मी खाल्ले. आठच्या आठ.”

टिलीच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

“मिस! तुम्ही नाव सांगितलंत?”

“अगं, माझंच होतं ना ते!”

“कुणाचं का असेना!” डार्सी म्हणाला. “आम्ही एवढं झाकलं, आणि तुम्ही सांगून टाकलंत.”

तिघंही पाठ फिरवून निघून गेली. जेवणाच्या सुट्टीत ती निलगिरीखाली एकमेकांना चिकटून बसली. लॉर्नाबाई त्यांच्याजवळ सरकल्या, तशी तिघं पलीकडे सरकली. शेवटी बाई आपला डबा घेऊन लांबच्या बाकावर एकट्या बसल्या.

फेनविक बाई तिथे आल्या. “सरका जरा.”

“इथे बसू नका. मुलं बघतायत. तुमच्याशीही कुणी बोलणार नाही.”

“अहो, कोण काय करतं ते सरकारला कळवत शाळोशाळी हिंडते मी,” फेनविक बाई टेकत म्हणाल्या. “जेवायला सोबत मिळाली, ती आज पहिल्यांदा.” आणि त्यांनी डबा उघडून पुढे केला. “चीजचं सँडविच घेता की टोमॅटोचं?”