घोट्याएवढा पूर

हौसाकाकूंच्या घराला रविवारी नवा पिस्ता रंग लागला आणि मंगळवारी सकाळी गुणाजी लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन दारात उभा राहिला.

गुणाजी हा करंजवाडीचा पेंटर. वर्षातले पाच महिने तो पेणला गणपतीच्या कारखान्यात पीतांबरं रंगवायचा आणि उरलेल्या दिवसांत गावात जे मिळेल ते. सध्या ग्रामपंचायतीनं त्याला घरोघर रेघ मारायला लावलं होतं. करंजवाडी म्हणजे निडी स्टेशनपासून अडीच किलोमीटर आत, नदीच्या वळणात बसलेलं साठ उंबऱ्यांचं गाव. त्या गावाचा पूर आराखडा करायचा होता, आणि तो गावानंच करायचा असं वरून आलं होतं. तालुक्याहून आलेल्या मनाली मॅडमनी ग्रामसभेत सगळं समजावून सांगितलं. दोन हजार पाच सालच्या मोठ्या पुरात ज्याच्या घरात जिथवर पाणी चढलं होतं, तिथं घरच्याच माणसानं बोट ठेवायचं. गुणाजीनं बोट ठेवलेल्या जागी दर्शनी भिंतीवर चार बोटं रुंद लाल रेघ मारायची. मग त्या रेघा बघून, पूर आला की कोणी कुठं जायचं ते ठरवायचं.

"तुम्ही सांगाल तेच खरं," मॅडम म्हणाल्या. "आम्ही त्यात काहीही बदलणार नाही. याला लोकसहभाग म्हणतात."

दुसऱ्या कुठल्या गावात हे वाक्य खपून गेलं असतं. करंजवाडीत ते बोलायला नको होतं.

हौसाकाकूंची अडचण वेगळीच होती. त्यांचा रितेश एकतीस वर्षांचा झाला होता. रोह्याला कंपनीत कायम नोकरी, व्यसन नाही, डोक्यावर जरा कमी असलेले केस सोडले तर नाव ठेवायला जागा नाही. तरी सहा ठिकाणांहून नकार आला होता. तिघींना शिफ्टची नोकरी नको होती. उरलेल्या तिघींच्या घरच्यांनी एकच विचारलं होतं, तुमच्याकडं पावसाळ्यात पाणी भरतं ना? आता सातवं स्थळ गडबचं होतं. हिरामण नावाचे गृहस्थ, त्यांची बायको आणि मुलगी किमया येत्या रविवारी घर बघायला येणार होते. पिस्ता रंग त्यासाठीच होता. हे स्थळ गेलं तर आठवं शोधायची ताकद काकूंच्यात उरली नव्हती आणि हे त्या देवासमोर मोठ्यानं बोलून दाखवायच्या.

"बोट ठेवा काकू," गुणाजी म्हणाला.

काकू वाकल्या आणि त्यांनी घोट्याशी बोट ठेवलं.

गुणाजीनं डबा खाली ठेवला. "काकू, तुम्ही एक दिवस नि एक रात्र माळ्यावर बसून होतात. मी होडीतून भाकऱ्या दिलेल्या तुम्हाला."

"माळ्यावर मी कांदे बघायला गेलेली."

"एक दिवस नि एक रात्र?"

"कांदे जाम होते," काकू म्हणाल्या. "तू रेघ मार. मॅडम काय बोलल्या, आम्ही सांगू तेच खरं."

गुणाजीनं घोट्याशी रेघ मारली. पिस्त्यावर लाल रंग फारच उघडा दिसतो असं वाटून त्यानं आपल्या मनानं तिला पीतांबराला असतो तसा सोनेरी काठही काढला.

बाकी गावात उलटाच प्रकार चालला होता. ज्याची रेघ वर त्याच्याकडं होडी आधी येणार, अशी आवई बुधवारी उठली, आणि गुणाजीला शिडी घेऊन फिरावं लागलं. आराखडा समितीचे अध्यक्ष हैबतराव हे काकूंचे शेजारी. त्यांचं घर सात पायऱ्या चढून. पण पाच सालच्या पुरात आपण कौलांवर बसून कसे दिवस काढले ही हकिकत ते एकवीस वर्षं सांगत आले होते, आणि घोट्याशी नाहीतर पायरीशी रेघ मारून ती हकिकत बुडवणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी रेघ खिडकीच्या वर मारून घेतली. ती बघून पलीकडच्यांनी दाराच्या चौकटीच्या वर मारून घेतली. गुरुवार संध्याकाळपर्यंत करंजवाडीत कंबरेखाली पाणी आलेलं एकच घर उरलं होतं.

शुक्रवारी मनाली मॅडमनी सगळ्या रेघा मोबाइलमध्ये भरल्या तेव्हा गावाचा नकाशा निळाशार झाला. मधोमध एक पांढरा ठिपका होता. म्हणजे पाच साली गावभर गळ्याएवढं पाणी होतं आणि ते हौसाकाकूंच्या घराला मोठ्या अदबीनं वळसा घालून गेलं होतं. मॅडमना जरा नवल वाटलं, पण त्या प्रशिक्षणात शिकल्या होत्या की स्थानिक ज्ञानावर शंका घेऊ नये. सभेला बसलेल्यांना तर सगळंच ठाऊक होतं. पण काकूंच्या रेघेकडं बोट दाखवलं की चार बोटं आपल्या रेघेकडं येणार, म्हणून सगळे छताकडं बघत राहिले. काकू त्या वेळी घरी लाडू वळत होत्या.

शनिवारी दुपारी दोन माणसं आली आणि त्यांनी पिस्ता भिंतीवर चार खिळे ठोकून निळा पत्र्याचा बोर्ड बसवला. 'पूर निवारा केंद्र. क्षमता १२० व्यक्ती.' मग त्यांनी ओटीवर रबरी होडी, बारा लाइफ जॅकेटं आणि दोरांची दोन भेंडोळी आणून टाकली.

काकूंनी मॅडमना गाठून विचारलं की हे काय आणि का. मॅडमनी कौतुकानं सांगितलं की सगळ्या गावात एवढं सुरक्षित घर दुसरं नाही, आणि उद्या सकाळी अकरा ते बारा इथंच रंगीत तालीम आहे.

"उद्या आमच्याकडं पाव्हणे हायत हो मॅडम."

"किती वाजता?"

"पाच."

"मग झालंच की. बाराला आम्ही गेलेलो असू."

खरं सांगायची वेळ तीच होती. पण खरं सांगितलं की गुणाजी येऊन छातीएवढी रेघ मारणार, तीही सोनेरी काठाची, आणि ती उद्या पाच वाजेपर्यंत वाळणारसुद्धा नाही. बोर्डावर एक साडी वाळत घालायची आणि होडीवर चादर टाकून तिला दिवाण म्हणायचं, असं काकूंनी ठरवलं.

रविवारी सकाळी गडबला हिरामणच्या बायकोनं कॅलेंडर बघितलं. साडेचार ते सहा राहुकाळ. तिनं लगेच रितेशला फोन लावून अकराला येतो म्हणून कळवलं. रितेश रात्रपाळी करून नुकताच आडवा झाला होता. तो झोपेत "हो, हो, या" म्हणाला आणि कुशीवर वळला.

अकराला देवळाचा भोंगा वाजला. पुढच्या दहा मिनिटांत एकशे अठरा माणसं गाठोडी, पोरं, बत्त्या आणि सात कोंबड्या घेऊन हौसाकाकूंच्या घरात शिरली. पूर असता तर एवढ्या वेगानं कोणी आलं नसतं, पण तालमीनंतर चहा आहे असं कळलं होतं. मनाली मॅडम दारात उभ्या राहून मोजत होत्या. काकूंनी ओट्यावर परातभर चिरून ठेवलेला कांदा आणि निवडलेले पोहे बघून समितीच्या बायकांनी ते पूरग्रस्तांसाठीच असणार असं धरलं आणि फोडणीला टाकले. आतल्या खोलीत रितेश गाढ झोपला होता. प्रथमोपचार पथकानं त्याला बेशुद्ध क्रमांक दोन म्हणून लिहून घेतलं आणि त्याच्या डाव्या पायाला फळी लावून पट्टी बांधली. तो जागा झाला नाही.

बेशुद्ध क्रमांक एक हैबतराव होते. अध्यक्ष या नात्यानं त्यांनी बुडालेल्या माणसाचं काम स्वतःकडं घेतलं होतं. चौघांनी त्यांना दाराच्या फळीवरून आणून, काकूंनी पाहुण्यांसाठी नवी चादर घातलेल्या सोफ्यावर निजवलं.

आणि तेवढ्यात हिरामणची मिनीडोर रिक्षा दारात थांबली.

केशरी जॅकेट घातलेला गुणाजी धावला. घाबरू नका, सामान सोडा, आधी बायका, असं म्हणत त्यानं किमयाला आणि तिच्या आईला हाताला धरून आत नेलं. एकशे एकोणीस, एकशे वीस, असं मॅडमनी लिहिलं आणि हिरामणसमोर हात आडवा धरला. क्षमता भरली होती.

"ते पाव्हणे हायत," हौसाकाकू आतून गर्दीतून वाट काढत म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"पुरात पाहुणेही असू शकतात," मॅडम विचारात पडल्या. "हा रकाना आपण ठेवलाच नव्हता." आणि त्यांनी हिरामणला आत घेतलं.

पाहुण्यांना बसवायला जागा नव्हती. हैबतरावांना रीतभात ठाऊक असल्यामुळं ते सोफ्यावरून उठले आणि हिरामणला हात जोडून, यावं यावं, प्रवास बरा झाला ना, असं विचारू लागले.

"काका, तुम्ही बेशुद्ध आहात," मॅडम म्हणाल्या.

हैबतराव पुन्हा आडवे झाले. हिरामण त्यांच्या पायाशी टेकले. काकूंनी हात चोळत सांगितलं की आज जरा गावचा कार्यक्रम आहे, एरवी आमच्याकडं अगदी शांत असतं.

"हे सगळे दर पावसाळ्यात इथं येणार?" किमयानं पोह्यांची बशी हातात घेऊन बसलेल्या एका म्हातारीला विचारलं.

"व्हय गो, पाणी जरा वाढलं की इथंच," म्हातारी म्हणाली. "बोर्डच लावलाय नव्हं. पोह्यात मीठ कमी हाय."

किमयाचा चेहरा पडला. तिच्या आईनं हिरामणकडं बघितलं, हिरामणनी घड्याळाकडं. काकूंनी ते सगळं टिपलं. बोर्डावरचा पूर हा शब्द वाचला ह्यांनी, असं त्यांच्या मनात आलं. तरी अजून त्यांना वाटत होतं की घोट्याशी असलेली ती रेघ एकदा नीट दाखवली तर काम होईल.

काकू पाहुण्यांना रेघ दाखवायला न्यायला वळल्या, तर मागच्या भिंतीपाशी कोणाचं तरी तीन महिन्यांचं बाळ दुपट्यावर निजवलेलं होतं. मनाली मॅडम सगळ्यांना सांगत होत्या, "जुलैत पाणी वाढलं की तान्ही मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका सगळ्यात आधी इथं, या भिंतीपाशी. इथून कोणी हलायचं नाही."

काकू त्या बाळाकडं बघत राहिल्या. पाच साली ह्याच भिंतीपाशी त्यांचं धान्याचं पिंप तरंगत होतं. काकूंनी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या होत्या, पण त्यातली एकही कोणाच्या जिवावर आली नव्हती. त्यांनी बाळ उचलून घेतलं.

"इथं कोणी यायचं नाय," त्या म्हणाल्या. "रेघ खोटी हाय. छातीएवढं पाणी आलेलं ह्या घरात. मी कांदे बघायला नाय गेलेली माळ्यावर, जीव वाचवायला गेलेली. पोराचं लगीन जमावं म्हणून खाली मारली रेघ."

हिरामणच्या पुढं हे सगळं बोललो हे काकूंना एकदम जाणवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. पण तोंड उघडलंच होतं, तर त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं.

"आणि पाणी येत नाय ते घर हे शेजारी. सातव्या पायरीला पाणी टेकलं नव्हतं. आमची म्हैस दावं तोडून ह्यांच्या ओटीवर जाऊन उभी राहिली, दोन दिवस, कोरडीठाक. अख्ख्या गावात एक तिलाच कळलं कुठं जायचं ते."

सगळ्यांनी हैबतरावांकडं बघितलं. हैबतरावांनी डोळे मिटून घेतले. आता ते बेशुद्ध होते आणि त्यांना कोणी काही विचारू शकत नव्हतं. पण गुणाजीनंच कबूल केलं की होडीतून भाकऱ्या वाटताना आपण होडी त्यांच्याच पायरीला बांधली होती आणि ते कौलांवर नव्हे तर ओटीवर पान लावत बसले होते. मग एकेक जण आपापली रेघ खाली आणू लागला. मनाली मॅडमनी लोकसहभाग हा शब्द दोनदा हळूच म्हणून बघितला आणि नकाशा पुसून पहिल्यापासून सुरू केला. सव्वाबाराला बोर्ड निघाला, शेजारी ठोकला गेला आणि होडी, गाठोडी, कोंबड्यांसह सगळं गाव सात पायऱ्या चढून गेलं. हैबतरावांना फळीवरून न्यावं लागलं, कारण ते काही केल्या शुद्धीवर येईनात.

घर रिकामं झालं. पिस्ता भिंतीला चार भोकं पडली होती. आतल्या खोलीतून रितेश फळी बांधलेला पाय ओढत बाहेर आला, पाहुण्यांना बघून दचकला आणि त्याच पायावर वाकून नमस्कार करू लागला. काकूंनी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

"आम्ही मघाशी उठणारच होतो," हिरामण सावकाश म्हणाले.

"तुमचं बरोबर हाय भाऊ. पाणी भरतं त्या घरात कोण पोरगी देईल."

"पाण्यासाठी नाय हो," किमया म्हणाली. "पाणी आमच्या गडबला पण येतं. मी म्हटलं, हा बोर्ड असेल तर मला हे घर नको. दर पावसाळ्यात एकशे वीस माणसांचे पोहे कोण करणार? आता बोर्ड गेला, मग चालेल."

काकूंनी भिंतीवरच्या चार भोकांकडं बघितलं.

"पाणी दोन दिवसांत जातं काकू," किमया म्हणाली. "माणसं जातात का?"

शेजारच्या खिडकीतून हैबतरावांच्या बायकोचा आवाज आला. साखर संपलीय, चाळीस जणांचा चहा व्हायचाय, आणि ह्यांना कोणीतरी उठवा.