हेमलता: पाहण्याची वेळ नऊ ते पाच

ग्रीसमधल्या स्कालाकी या समुद्रकाठच्या गावात सीझन नसताना जुन्या देवळाचे खांब रजेवर जातात, आणि त्यांच्या जागी गावात हजर असलेल्या एखाद्या माणसाला प्रेक्षणीय स्थळ म्हणून बसवतात. गेल्या मार्चमध्ये तिथे माझ्या बायकोला बसवलं.

खांब जातात डोंगरापलीकडच्या खाणीकडे, जिथून त्यांचा दगड काढला होता. म्हणजे माहेरीच म्हणा. ईस्टर आला की परततात. गावाला यात काही विशेष वाटत नाही. माझी तक्रार एवढीच होती, की विमानाचं तिकीट काढताना हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मी मुकुंद रेठरेकर, राहणार कराड, वीज मंडळातून निवृत्त. गर्दीत फिरायचं नाही हा माझा बाणा. झेंडा धरलेल्या पोराच्या मागून चाळीस जणांनी पळायचं, याला मी प्रवास म्हणत नाही. ‘मार्चमध्ये जाऊ, गाव आपल्या एकट्याचं असेल,’ असं मी हेमलताला सांगितलं होतं, आणि ते तंतोतंत खरं निघालं. खानावळींच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. होड्या वाळूवर ओढून काढलेल्या, त्यांना निळा रंग देणं चाललेलं. दुकानांना कुलपं. उघडं काय, तर डोंगरउतार. तिथे लाल-पिवळी रानफुलं इतकी माजली होती, की पायवाट शोधावी लागे. हेमलता गावातल्या म्हाताऱ्यांबरोबर तिथे रानभाजी खुडायला जाऊ लागली. तिला ग्रीक येत नाही, त्यांना मराठी येत नाही, पण कोवळं कुठलं आणि जून कुठलं यावर त्यांचं तासन्‌तास बोलणं होई.

मी मात्र स्थळं पाहायला आलो होतो. तेव्हा एके दिवशी तिला घेऊन टेकडीवरच्या देवळाकडे गेलो. तर वर नुसता संगमरवरी चौथरा आणि पाच गोल खुणा. चौथऱ्यावर एक म्हातारा पोस्टमन बसला होता. आम्हाला पाहून तो कंबर धरून उठला, म्हणाला, ‘देवा, सुटलो,’ आणि खाली निघून गेला.

मला वाटलं, शहाणा माणूस, फोटोला जागा करून दिली. मी हेमलताला म्हटलं, ‘बस तिथे.’ ती बसली. ‘जरा डावीकडे सरक. आणखी. अगं, तू नको येऊस मधे, मागचा समुद्र येऊ दे.’ ती सरकता सरकता पार कोपऱ्यात गेली. मी फोटो काढला. तेवढ्यात तिकिटाच्या खोपटातून एक जाडजूड मिशांचा माणूस आला आणि त्याने तिच्यापुढे लाल दोरी बांधली. हा थानासिस, तिकिटं तोच फाडतो आणि माहितीही तोच सांगतो.

‘अभिनंदन,’ तो म्हणाला. (त्या सगळ्यांशी माझं बोलणं इंग्रजीतून झालं, मी ते आपलं मराठीत सांगतो.) ‘रिकाम्या चौथऱ्यावर जो आपणहून बसतो आणि ज्याचा फोटो निघतो, त्याची नेमणूक होते. खांब परत येईपर्यंत. तो पोस्टमन नुसता बदली होता.’

‘अहो, पण शनिवारी आमचं विमान आहे!’

‘ते नगरपालिकेत बोला,’ थानासिस म्हणाला. ‘आणि दोरीच्या अलीकडे उभे राहा.’

नगरपालिकेत वासिलिकी नावाच्या बाई होत्या. चष्मा, शाल, टेबलावर सोललेलं संत्रं. त्यांनी मला बसायला सांगितलं, संत्र्याच्या फोडी पुढे केल्या आणि शांतपणे समजावलं, की स्थळ असं मधेच उचलता येत नाही. लोक लांबून येतात, काही नसलं तर काय पाहतील?

‘पण तिच्यात पाहण्यासारखं काय आहे?’ मी विचारलं.

‘ते पाहणारा ठरवतो,’ बाई म्हणाल्या. ‘नियम एकच आहे. सलग तीन दिवस एकही पाहणारा आला नाही, तर स्थळ रद्द होतं. मग खुशाल घेऊन जा.’

मी म्हटलं, तिच्याऐवजी मला बसवा. मी सरकारी नोकरीतला माणूस, बसायची सवय आहे. बाई उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या, मला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. नाही म्हणाल्या नाहीत. दुपारी हेमलता जेवत असताना मला चौथऱ्यावर बसवून पाहिलं. दोन जर्मन सायकलवाले आले. त्यांनी मला विचारलं, संडास कुठे आहे? थानासिसने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘वाईट वाटून घेऊ नका.’

वाईट कसलं! डोकं फिरलं माझं.

हेमलताचं मात्र काही म्हणणं नव्हतं. सकाळी नवाला ती वर जाई, संध्याकाळी पाचला खोलीवर येई. जी बाई घरात दोन मिनिटं टेकत नाही, गॅसपाशी उभ्याउभ्याच चहा पिते, ती दिवसभर समुद्राकडे तोंड करून बसू लागली. मी पहिल्या संध्याकाळी तिला म्हटलं, ‘अगं, काय हे खूळ? सांगून टाक त्यांना, जमणार नाही म्हणून.’

‘का? जमतंय की,’ ती पाय चोळत म्हणाली. ‘उद्या शाळेची मुलं यायची आहेत. अबोली नेसू का जांभळी?’

‘काहीही नेस.’

‘तुम्ही नेहमी हेच सांगता,’ ती म्हणाली, आणि जांभळी काढून ठेवली.

शाळेची मुलं आली. मी मागे उभा होतो. मुलं दंगा करत चढली होती, ती दोरीपाशी आल्यावर गप्प झाली. थानासिसने काठीने लांबूनच दाखवत माहिती सांगितली: कराड, एकोणीसशे चौसष्ट. एकदा डागडुजी झाली आहे, पित्ताशयाची. डाव्या भुवईवरची खूण लहानपणी पाट्यावर पडल्याची. गायला येतं, पण लग्नानंतर गाणं बंद आहे.

‘थांबा, थांबा,’ मी म्हटलं. ‘ती खूण कांजिण्यांची आहे. आणि गाणं? हिला गाणं येत नाही.’

‘तुम्ही कोण?’ थानासिसने विचारलं.

‘मी नवरा आहे.’

‘माहिती मी स्थळाकडून घेतलेली आहे,’ तो म्हणाला. मुलांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तिच्याकडे पाहू लागली.

मी रात्री काही विचारलं नाही. काय विचारणार? एकतीस वर्षं एका घरात राहून ‘तुला गाता येतं का’ असं विचारायला तोंड लागतं.

दुसऱ्या दिवसापासून वारा सुटला. समुद्र खवळला, घाटातली बस बंद झाली, खानावळीच्या खुर्च्या टेबलांवरून उडाल्या. मला असा आनंद झाला म्हणता! मी खिडकीत बसून टेकडीच्या वाटेवर नजर ठेवली. चिटपाखरू फिरकलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. संध्याकाळी हेमलता खोलीवर आली, चप्पल काढली, आणि जेवताना एकदाच म्हणाली, ‘आज कुणी आलं नाही.’

‘चांगलंच आहे की,’ मी म्हटलं. ‘उद्याचा एक दिवस गेला की सुटलीस. परवा विमान. घरी गेल्यावर किती कामं पडली असतील.’

‘हो, ती आहेतच,’ ती म्हणाली. मग बराच वेळ भाजी चिवडत बसली.

तिसऱ्या दिवशी मी बॅगा भरल्या. तिच्या साड्यांच्या घड्याही मीच घातल्या, जमतील तशा. वारा पडला होता, पण बस काही आली नव्हती. गावातले लोक आपापल्या होड्यांना रंग देत होते, त्यांनी हेमलताला आधीच पाहिलेलं होतं. पाच वाजायला आले तसा मी तिला आणायला टेकडी चढू लागलो. खरं सांगतो, शीळ घालत चढलो.

वर थानासिस खोपट आवरत होता.

‘कुणी?’ मी विचारलं.

‘कुणी नाही,’ तो म्हणाला. ‘घंटा झाली की घेऊन जा. कागद वासिलिकीबाई उद्या देतील.’

मी फाटकातून आत पाहिलं. हेमलता चौथऱ्यावर बसली होती. फोटोच्या वेळी मी तिला जिथे सरकवलं होतं त्या कोपऱ्यात नाही, मधोमध. अबोली साडी, वर माझा राखाडी स्वेटर, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा. सकाळी मी झोपेत असताना तिने हे सगळं केलेलं असणार. खाली रस्त्यावर कुठलासा ट्रक वाजला. तिने चटकन पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि वाटेकडे न पाहिल्यासारखं करून पाहिलं. ट्रक निघून गेला. पाठ पुन्हा हळूहळू वाकली.

‘सकाळपासून हेच चाललंय,’ थानासिस हळू आवाजात म्हणाला. ‘दर आवाजाला.’

मला कसंतरीच झालं. इतकी नटून बसली आणि एक माणूस आला नाही. आणि मी शीळ घालत आलो.

‘एक तिकीट द्या,’ मी म्हटलं.

थानासिसने माझ्याकडे पाहिलं. ‘तुम्ही घरचे आहात. घरच्यांना तिकीट लागत नाही. तसेच जा आत. ते मोजलं जात नाही.’

‘मोजलं गेलं पाहिजे,’ मी म्हटलं. ‘पूर्ण तिकीट द्या.’

‘साहेब, मोजलं गेलं तर स्थळ चालू राहतं. विमान उद्याचं आहे ना तुमचं?’

‘आहे.’

‘मग?’

‘अहो, किती बोलता! फाडा तिकीट, पाच वाजतील.’

त्याने तिकीट फाडलं. त्याचा आवाज हेमलताने ऐकला असावा, कारण मी आत शिरलो तेव्हा तिचा पदर नीट होता, पाठ ताठ होती आणि नजर समुद्रावर होती. मी आलोय हे तिने पाहिलं. एकदा तिचा ओठ हलला. पण नेमणूक झालेल्याने पाहणाऱ्याशी बोलायचं नसतं, तसा नियम आहे, आणि तिने तो पाळला. चेहरा मात्र उजळला होता. मी दोरीच्या अलीकडे उभा राहिलो.

थानासिस काठी घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. टोपी काढून काखेत धरली.

‘थोडक्यात सांगू,’ त्याने विचारलं, ‘की सगळं?’

‘सगळं सांगा,’ मी म्हटलं. ‘मी पहिल्यांदाच येतोय.’