हाराचे खिळे

एमिलसाहेब कोणाच्याही घरी गेले की आधी बूट काढायचे आणि मग भिंतीवरच्या तसबिरींच्या चौकटीवरून अंगठा फिरवायचे. वरच्या कोपऱ्यांत हाराचे दोन खिळे लागले की हात जोडायचे. नाही लागले की माणूस जिवंत आहे म्हणून खुशीत ओरडायचे, "हाऊ जित्ता शे!" चहा घेऊन आलेला तसबिरीतलाच माणूस दचकायचा.

साहेब मूळचे हंगेरीचे. तरुणपणी सातपुड्याकडच्या एका लहान संस्थानात चित्रकार म्हणून आले. राजा, दोन राण्या, दिवाण आणि तीन घोडे रंगवून होईतो संस्थानच विलीन झालं. स्वयंपाकीणबाईकडून शिकलेली अहिराणी आणि रंगांची ट्रंक घेऊन ते जळगावला, माझ्या फ्रेमच्या दुकानामागच्या खोलीत आले.

गिऱ्हाईक आता डाळमिलवाल्यांचं. पण हात राजवाड्यात मुरलेला. शेठजींच्या कमरेला तलवार आलीच.

"साहेब, मी मुंगीसुद्धा मारत नाही हो!" एक जैन शेठ कळवळले.

"बरं, छत्री देतो," म्हणत साहेबांनी दोन फटकाऱ्यांत तलवारीची छत्री केली. शेठजी ती छत्री मुठीत धरून अजून रुबाबात बसले आहेत.

पुढचं मी आजवर घरातही बोललेलो नाही. माझी पन्नाशी उलटली, आता सांगून टाकतो.

संस्थानिकांचे तनखे बंद व्हायच्या बेतात होते, तेव्हाची गोष्ट. विलीन झालेल्या त्या संस्थानाचे राजासाहेब धुळ्याच्या बंगल्यात राहत. त्यांनी पंचाहत्तरीसाठी साहेबांकडून चित्र मागवलं. शब्द दिला, की पसंत पडलं तर बंगल्याच्या आवारात कायमची खोली आणि नात्यातल्या साऱ्या घराण्यांची कामं. साहेबांनी त्याच दिवशी ट्रंक बांधली.

चौकट मी केली. निघताना साहेबांचा अंगठा पुढे आला. उशीर होत होता. "मी पाहिलंय साहेब, चला," म्हणालो. पाहिलं नव्हतं.

एसटीत चित्र चादरीत गुंडाळून मांडीवर धरलं होतं. पारोळ्याला गाडी उसळली आणि चादरीखालून बोटाला काहीतरी टोचलं. खिळा! त्या महिन्यात सगळी कामं गेलेल्या माणसांचीच आली होती. हातानं सवयीनं ठोकले होते. पारोळ्यातच पक्कड मागून उपटता आले असते. पण मग साहेबांना खरं सांगावं लागलं असतं. "वर कोण बघतंय," असं मनाशी म्हणत मी धुळ्यापर्यंत घाम पुसत राहिलो. शेजारी साहेब खोलीत खिडकी कुठल्या बाजूला असेल ते मला विचारत होते.

दिवाणखान्यात चादर निघाली. चित्र फार सुंदर होतं. राजासाहेब खुलले. राणीसाहेबांची नजर मात्र वर गेली.

"माझं कुंकू शाबूत आहे अजून! हे खिळे कोणी ठोकले?"

मी माझ्या पायांकडे बघत होतो.

"मी," साहेब म्हणाले. "म्हातारपण. चूक झाली."

चित्र आमच्याबरोबरच परत आलं. परतीच्या एसटीत पारोळ्याला साहेब माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "तुले पोरं शेतस. दुकान शे. माले काय शे?" आणि खिडकीबाहेरची कपाशी बघत बसले. जळगावला पोचल्यावर ट्रंक सोडायला मी मदत केली. माफी तेव्हाही मागितली नाही.

दोन वर्षांनी साहेब गेले. ट्रंकेच्या तळाशी त्यांनी स्वतःचंच काढलेलं चित्र निघालं. हातात ब्रश, कमरेला छत्री. त्याची चौकट मी सागवानाची केली, दुकानात समोरच लावली. रोज सकाळी वरची धूळ अंगठ्यानं पुसतो. दोन्ही कोपरे गुळगुळीत आहेत.

नवी गिऱ्हाइकं विचारतात, "हे साहेब कोण हो? आहेत का?"

"आहेत," मी म्हणतो. "मागच्या खोलीत असतात."