दिगंबरच्या उताराचा सत्कार

नवा मध्य प्रदेश जुळून सहा महिने झाले होते. नागपूरच्या फायली अजून भोपाळच्या वाटेवर होत्या; बुऱ्हाणपूरच्या शिक्षण कार्यालयाच्या पाच पायऱ्या मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. मास्तरीण म्हणून रुजू व्हायचं तर त्या चढून, आतल्या रजिस्टरात, शनिवारी पाचच्या आत सही करायची होती. परीक्षेत पहिल्या आलेल्या मालूबाईचे पाय लहानपणीच तापात गेले होते.

"मी उचलून आणतो तिला," धाकटा भाऊ दिगंबर म्हणाला होता.

"नियमात 'उमेदवाराने स्वतः यावे' असं आहे," कार्यालयाचे साहेब प्रभाकरराव म्हणाले. "उचलून आणलेला उमेदवार स्वतः आला असं धरता येत नाही."

दिगंबर तांत्रिक शाळेत शिकत होता. बहिणीची चाकांची खुर्ची त्यानेच केली होती. आता मोडक्या हातमागाच्या लाकडाचा, खुर्ची पायऱ्यांवरून चढावी म्हणून, त्याने घडीचा उतार केला. सिंधीपुऱ्यातल्या घराच्या ओट्यावर मालूबाई आपल्या हातांनी चाकं फिरवत चढली, तेव्हा या बहाद्दराला चक्क रडू आलं.

शनिवारी दुपारी त्याने उतार कार्यालयाच्या पायऱ्यांवर लावला. साहेब हरखलेच. "विद्यार्थ्याचं संशोधन! सत्कार झालाच पाहिजे."

"साहेब, आधी ताईची सही..."

"सही कुठे पळून चालली? पाहुणे जमू दे."

पाहुणे जमले. पूजेला बोलावलेल्या गजाननगुरुजींनी उताराला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. दिगंबरला शाल मिळाली. साडेचार वाजले, तशी मालूबाईने खुर्ची उताराकडे वळवली.

"अवं बाई!" गुरुजी कडाडले. "पूजेल चीजवर चाक चढवता?"

"मग उत्तरपूजा करून टाका ना, गुरुजी."

गुरुजींनी साहेबांकडे पाहिलं. "आता ही शासकीय प्रदर्शनीय वस्तू आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले. "वापरायला भोपाळची मंजुरी लागेल."

दिगंबरच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने शाल ओढून हळद पुसायला घेतली, तर चपराशी सुपडूने हात धरला. "भाऊ, सत्काराची शाल आहे ते. पोछा नाही."

"कलाकाराचा राग!" साहेब कौतुकाने म्हणाले. "चला, सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवा."

सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. त्या थांबल्या तेव्हा पाच वाजून गेले होते आणि रजिस्टर कपाटात बंद झालं होतं. दिगंबरला बहिणीकडे बघवेना.

सोमवारी मालूबाईला पत्र आलं: 'सत्कारप्रसंगी आपण एकट्याच बसून राहिलात. या उद्धटपणाचा खुलासा कार्यालयात स्वतः येऊन द्यावा.'

उतार आता कार्यालयात, साहेबांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर टांगला आहे. रोज ताजा हार असतो. मंडळी, तुम्हीही बघायला या. पाचच तर पायऱ्या आहेत. चढताना तुमच्या लक्षातही यायच्या नाहीत.